शेजारची बाजू सव्वीस

"ब्रेक," बाई म्हणाल्या, आणि सूनबाईने पाय असा दाबला की दोघींचे पट्टे एकदम आवळले. गाडी जागच्या जागी रुतली. मागच्या सीटखालून पाण्याची बाटली घरंगळत पुढे आली आणि बाईंच्या टाचेशी थांबली.

"इंजिन बंद पडलं, बाई."

"पडू दे. इंजिन परत सुरू होतं. पुन्हा."

सूनबाईने तळवे मांडीला पुसले, गाडी सुरू केली आणि फेरा मारून पुन्हा भिंतीपाशी आणली. बंद पडलेल्या गोदामामागचं हे मैदान बाईंनी मुद्दाम निवडलं होतं. चारी बाजूंनी भिंत, कोपऱ्यात मोडक्या फळ्यांचा ढीग, आणि माणूस म्हणाल तर एक पहारेकरी, जो जेवण झालं की खुर्चीत मान टाकायचा आणि ब्रेकच्या किंकाळीनेही ती उचलायचा नाही. बाहेर डांबर वितळायला आलं होतं. गाडीत मात्र दोन ऋतू नांदत होते. चालकाच्या बाजूचं तापमान सूनबाईने अठरावर नेऊन ठेवलं होतं, कारण घाबरली की तिच्या हातांना घाम सुटायचा आणि स्टिअरिंग निसटायचं. शेजारच्या बाजूला सव्वीस, आणि तरीही बाई तपकिरी स्वेटरची बटणं गळ्यापर्यंत लावून बसलेल्या. थंडीचं आणि त्यांचं जन्माचं वैर. या नव्या गाडीतली त्यांना मनापासून पटलेली गोष्ट एकच: एका छपराखाली राहूनही ज्याचं हवामान त्याला.

त्यांना सारं शहर बाईच म्हणायचं. निम्म्या शहराने त्यांच्या शेजारी बसून घाम गाळला होता. ड्रायव्हिंग स्कूल यजमानांनी काढलेलं, पण यजमान गेल्यावर ते चालवलं बाईंनी, आणि गुडघ्यांनी राजीनामा दिला तेव्हाच पाटी उतरवली. स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असे. या गाडीत तो नव्हता, पण बाईंच्या पायाला हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यांच्या बाजूची चटई एका जागी झिजायला लागली होती.

त्यांची पद्धतही त्यांचीच. बाकीचे लोक क्लच शिकवत, गिअर शिकवत, गाडी पुढे नेऊन दाखवत, म्हणजे शिकणारा खूश. बाईंचा पहिला धडा ब्रेकचा. गाडीने जरा वेग घेतला की ब्रेक, पुन्हा वेग, पुन्हा ब्रेक. आठवडाभर दुसरं काही नाही. थांबता येत नाही त्याने निघू नये, असं त्यांचं म्हणणं. शिकणाऱ्यांच्या मानांचा खुळखुळा व्हायचा, आई-बाप तक्रार घेऊन यायचे, आणि बाई ऐकून घेऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करायच्या. पोटच्या मुलाला मात्र हा धडा मिळाला नव्हता. त्याला गाडी शिकवली होती यजमानांनी, एका रविवारात.

सूनबाईची शिकवणी सुरू झाली ती बाईंच्या गुडघ्यांमुळे. सूनबाई इस्पितळात फिजिओथेरपिस्ट. घरी रोज सकाळी बाईंचे पाय वाकवून, ताणून द्यायची. एका सकाळी उजवा पाय हातात धरूनच ती म्हणाली, हा पाय मला उसना द्याल का? घरी जाऊन रुग्णांना व्यायाम देण्याची नवी सेवा इस्पितळ सुरू करत होतं. तिचं नाव पुढे होतं. पण अट अशी, की स्वतः गाडी चालवता आली पाहिजे.

ती यापूर्वी शिकली नव्हती असं नाही. नवऱ्याने शिकवायला घेतलं होतं. एक दिवस फाटकातून गाडी मागे घेताना तो मागे उभा राहून दोन्ही हातांनी खुणा करत होता आणि तोंडाने त्याच्या उलट सांगत होता. गाडी फाटकावर गेली. दिवा फुटला, फाटकाला पोचा आला. तेवढ्यावर भागलं असतं. पण त्या पोच्याचा किस्सा झाला. पाहुणे टेकले रे टेकले की तो सांगायचा, फाटक गेली कित्येक वर्षं तिथेच आहे, पण आमच्या हिला ते त्या दिवशी पहिल्यांदा भेटलं. पाहुणे हसायचे. सूनबाईही हसायची, आणि कप गोळा करून आत जायची.

किस्सा रंगवताना एक गोष्ट तो सांगत नसे. फाटकाला दोन कवाडं होती. रोजच्या सवयीने त्याने एकच उघडलं होतं. दुसऱ्याची जमिनीत रुतलेली खिट्टी गंजून गेली होती आणि ती उपसायचे कष्ट कुणी घेत नसे. बाईंनी हे स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं होतं आणि त्याच दिवशी त्याला सांगितलंही होतं. तो म्हणाला होता, आई, मी रोज एकातूनच काढतो की.

म्हणून आता हे मैदान, आणि म्हणून ही गुपचूप शिकवणी. लायसन्स हातात आलं की ते चहाच्या ट्रेमध्ये ठेवायचं आणि पाहुण्यांसमोर न्यायचं, एवढीच सूनबाईची हौस होती. गाडीत नियम ठरला होता: इथे सासू-सून नाही. दार लावलं की "बाई", दार उघडलं की "आई".

परीक्षा सोमवारी होती, आणि ती याच गाडीवर द्यायची होती.

*

त्या रात्री जेवताना मुलाने फोन ताटाशेजारी ठेवला. त्याचं काम विमा कंपनीत, अपघातांच्या दाव्यांचं. दिवसभर चेपलेल्या गाड्यांचे फोटो बघून तो घरी यायचा आणि रस्ता ओलांडतानाही आईचा दंड धरायचा. गाडी आईच्या नावावर होती. पण गाडी घ्यायला गेले तेव्हा विक्रेत्याने सूचनांसाठी फोन नंबर विचारला, आणि बाई बॉनेटखाली डोकं घालून बसल्या असल्याने मुलाने आपला दिला. तेव्हापासून गाडी जे काही सांगे ते त्याला सांगे.

"कंपनीकडून सुरक्षा सूचना आली आहे," तो म्हणाला, आणि वाचायला लागला. आपल्या वाहनात या महिन्यात अचानक व तीव्र ब्रेक लावल्याच्या नोंदी वारंवार झाल्या आहेत. चालकाची दृष्टी, प्रतिसाद आणि प्रकृती यांची खात्री करून घ्यावी. वाहन जवळच्या सेवा केंद्रात तपासून घ्यावे. आपली सुरक्षा हीच आमची—

"ते पुढचं सगळे लिहितात," बाई म्हणाल्या. "आमटी घे."

"आई, मी चेष्टा करत नाहीये. रोज बघतो मी. आधी असंच असतं. एक ब्रेक, दोन ब्रेक. मग एक दिवस फाईल माझ्या टेबलावर."

सूनबाईचा घास हातातच राहिला होता. तिने मान वर केली, ओठ उघडले. टेबलाखाली बाईंनी तिच्या पावलावर आपलं पाऊल ठेवलं आणि ब्रेक दाबावा तसं दाबलं. सूनबाईने घास तोंडात घातला.

मुलाने शनिवारी सेवा केंद्राची वेळ घेऊन ठेवली होती. तिथले लोक सगळी नोंद काढून दाखवतील, मग बसून ठरवू, असं तो म्हणाला. ठरवू म्हणजे काय, हे त्याने सांगितलं नाही. पण शेजारच्या गल्लीतल्या आजोबांची गाडी त्यांच्या मुलाने परस्पर विकल्याचं त्याने बोलता बोलता सांगितलं, आणि आता ते कसे निवांत असतात तेही. बाईंना ते आजोबा ठाऊक होते. निवांत म्हणजे ते गॅलरीत बसून लोकांच्या गाड्या मोजत.

"शनिवारपर्यंत गाडी काढू नकोस," तो शेवटी म्हणाला.

"बरं," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या पुन्हा मैदानावर होत्या.

सूनबाईचं मन मात्र चालवण्यात नव्हतं. एकदा गाडी फळ्यांच्या ढिगाला घासता घासता राहिली. ती म्हणाली, मी आज सांगून टाकते. तुम्ही त्यांच्या लेखी वेंधळ्या ठरताय, उद्या ते डॉक्टरांचं नाव काढतील, हे सगळं माझ्या एका लायसन्सपायी.

"तुला ट्रेमध्ये ठेवून न्यायचंय ना ते?"

"हो, पण तुमचं नाव खराब होतंय, बाई. या शहरात तुम्हाला कुणी ब्रेकवरून बोललं म्हणजे—"

"माझं नाव मी सांभाळते. तू आरसा सांभाळ. मागे भिंत आहे."

संध्याकाळी बाईंनी गाडीबरोबर आलेलं मालकासाठीचं पुस्तक काढलं. असली पुस्तकं लोक डिकीत टाकतात. बाईंनी ते गाडी आली तेव्हाच पेन्सिल घेऊन पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं होतं. आता त्यांनी नोंदींचं प्रकरण पुन्हा वाचलं. गाडी काय काय लिहून ठेवते याची यादी तिथे होती: वेग, ब्रेक, पट्टा, कोणत्या सीटवर वजन आहे, सीट किती पुढे-मागे आहे, आतलं तापमान. त्यांनी चष्मा काढून कपाळ चोळलं. म्हणजे गाडीला सगळं ठाऊक होतं. चालकाची सीट मागे सरकलेली असते, कारण सूनबाई उंच आहे. शेजारच्या सीटवर कुणीतरी पट्टा लावून बसलेलं असतं. नोंद पूर्ण उघडली की बाई निर्दोष सुटतील, आणि सूनबाई पकडली जाईल.

पुढच्या पानावर एक वाक्य होतं, तेही त्यांनी दोनदा वाचलं. मग पुस्तक मिटून उशाशी ठेवलं.

*

सेवा केंद्राच्या काचेच्या खोलीत इतका गारठा होता की कुंड्यांमधली झाडंही प्लास्टिकची ठेवावी लागली असावीत. बाई स्वतः गाडी चालवत आल्या. मुलगा ऑफिसातून परस्पर. टेबलामागचा टकलू सल्लागार त्यांना बघून उठूनच उभा राहिला.

"बाई, ओळखलंत का?"

बाईंनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, काही लागेना. मग वाकून त्याच्या बुटांकडे पाहिलं. त्यांना चेहरे राहत नसत, पाय राहत.

"टाच उचलून क्लच दाबायचास."

"अजून उचलतो," तो म्हणाला, आणि एवढा खूश झाला की मुलाने घड्याळ बघेपर्यंत त्याला कामाची आठवण झाली नाही.

गाडीची नोंद त्याच्या पडद्यावर आली. ब्रेक ठीक, टायर ठीक. मग तो तीव्र ब्रेकच्या नोंदींवर आला आणि वाचता वाचता हळू झाला. सगळ्या एकाच जागी, गोदामाकडे. वेग जवळपास तोच. एकामागून एक. त्याचा हात आपोआप मानेमागे गेला आणि तिथेच राहिला. त्याने बाईंकडे पाहिलं. पिवळा दिवा लागल्यावर शिकणाऱ्याचा पाय चुकीच्या बाजूला निघाला की बाई जशा बघत, तशा त्या त्याच्याकडे बघत होत्या. त्याने तोंड मिटलं.

"गोदामाकडे तू कशाला जातेस?" मुलाने विचारलं.

"मोकळं असतं. बरं वाटतं."

"आणि ब्रेक?"

"मांजरं असतात."

"रोज?"

"मांजरं रोजचीच असतात."

सल्लागाराने घाईघाईने पुढचं पान काढलं. एसीबद्दल बोलावं, त्यात काय वाकडं होणार, असं त्याला वाटलं असावं. एसी उत्तम आहे, तो म्हणाला. गोदामाच्या फेऱ्यांत चालकाची बाजू अठरा, शेजारची बाजू सव्वीस, कायम.

"अठरा?" मुलगा खुर्चीत पुढे सरकला. "हिला? पंखा जरा जोरात फिरला तर उठून बंद करते ही." आणि मग त्याचा आवाज खाली आला, दावेदारांशी बोलताना येत असावा तसा. थंडी-उष्णतेचं भान सुटणं हे लक्षण असतं, तो म्हणाला. कुठेतरी वाचलं होतं त्याने. आता गाडी बाजूलाच राहू दे. सोमवारी सकाळी आधी डॉक्टर.

सोमवारी सकाळी. बाईंनी मांडीवरची पर्स बाजूला ठेवली.

"हल्ली उकडतं मला," त्या म्हणाल्या, आणि स्वेटरची बटणं काढायला लागल्या. गळ्यापासून खाली, एक एक. स्वेटर उतरवून त्यांनी त्याची नीट घडी घातली आणि मांडीवर ठेवली. त्यांच्या हातांवर काटा उभा राहिला होता. त्यांनी हात घडीखाली सरकवले.

सल्लागाराला ते बघवेना. एका आकड्यावरून असं ठरवू नये, तो मुलाला म्हणाला. नोंद अजून पुष्कळ काही ठेवते. शेजारी कुणी बसलं होतं का, चालकाची सीट किती मागे होती. "उघडून बघू या, साहेब. मला वाटतं त्यात बाईंची—"

"मालक म्हणून कुणाचं नाव आहे?" बाईंनी विचारलं.

"तुमचं."

"मग नको उघडूस."

"आई, तुझ्याच फायद्याचं असेल ते."

"पुस्तकात लिहिलंय. मालकाच्या होकाराशिवाय ही नोंद कुणाला दाखवायची नाही. मालक नाही म्हणते आहे." त्या सल्लागाराकडे वळल्या. "आणि सूचना जातात तो नंबर माझा नाही. तो काढ, माझा घाल."

सल्लागाराने पडदा बाईंच्या पुढे सरकवला. सही बोटाने करायची होती. बोट गारठून ताठ झालं होतं, सही वेडीवाकडी आली. बाईंनी ती पुसायला लावली आणि पुन्हा केली, बँकेत करतात तशी.

*

मुलाचा संयम पार्किंगपर्यंत टिकला. तिथे त्याने हात पुढे केला आणि किल्ली मागितली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बाईंना सोपं गेलं असतं. तो म्हणाला, तुला काही झालं तर तो दावा मी कसा वाचू ते सांग.

बाईंनी किल्ली मुठीत धरली.

"शेजारी बस," त्या म्हणाल्या. "घरापर्यंत मी चालवते. वाटेत एकदा जरी वाटलं की हिला जमत नाही, तर किल्ली तुझी. सोमवारी म्हणशील त्या डॉक्टरकडे येते. पण नाही वाटलं, तर हा विषय संपला."

त्याने पट्टा लावला. बाईंनी स्वेटर मागच्या सीटवर टाकला, आरसे पाहिले, आणि गाडी सुरू झाल्यावर क्षणभर थांबल्या. मुलगा बघत होता. त्यांनी चालकाच्या बाजूचं तापमान अठरावर नेलं. समोरच्या झडपेतून गार झोत सरळ त्यांच्या बोटांवर आला. त्यांनी गाडी बाहेर काढली.

मुलगा परीक्षकासारखा बसला होता. बाईंनी त्याला काही मिळू दिलं नाही. पुढे उभ्या बसच्या मागच्या चाकावर त्यांची नजर होती, म्हणून बस बाहेर येण्याआधीच त्यांचा पाय हलका झाला. शाळेपाशी दोन मुली एकमेकींना ढकलत रस्त्यावर उतरल्या, तेव्हा गाडी आधीच चालीच्या वेगावर आली होती. एक स्कूटरवाला डावीकडून घुसला, त्याला त्यांनी घुसू दिलं. कुठे हिसका नाही, हॉर्न नाही. फक्त स्टिअरिंगवरची बोटं नखांपाशी पांढरी पडत चालली होती, आणि गुडघा ठणकायला लागला होता.

अर्ध्या वाटेवर मुलाने त्याच्या बाजूच्या आकड्याकडे पाहिलं. थोडा वेळ तो पाहतच राहिला.

"ही बाजू सव्वीसवर कुणी ठेवली?"

"राहिली असेल."

"कायम सव्वीस, म्हणाला तो."

बाईंनी आरशात पाहिलं. मुलाने मान वळवून मागच्या सीटवरच्या स्वेटरकडे पाहिलं, मग पायाशी. झिजलेल्या चटईवर त्याने बुटाचं टोक ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं.

चौकात लाल दिवा होता. गाडी थांबली, थांबल्याचं कळलंही नाही. मुलाने मागे हात घालून स्वेटर ओढला आणि आईच्या मांडीवर ठेवला.

"घाल."

"उकडतंय मला."

"दात वाजतायत तुझे."

"इंजिनाचा आवाज आहे तो."

तो खिडकीकडे तोंड करून बसला. त्याचे खांदे एकदा हलले, हसला असेल. दिवा हिरवा झाला, चौक मागे पडला, तरी तो तसाच होता.

"कशी चालवते?" त्याने काचेला विचारावं तसं विचारलं.

"कोण?"

"आई, पुरे आता."

"नोंद उघडलेली नाही आपण," बाई म्हणाल्या. "त्यामुळे मला काही माहीत नाही आणि तुलाही काही माहीत नाही. सोमवार संध्याकाळपर्यंत तर नाहीच. घरात शिरताना चेहरा सरळ ठेव."

"मला सांगितलं असतं तर मी काय नको म्हटलं असतं?"

"नको नसतं म्हटलंस. पाहुण्यांना फाटकाचा किस्सा सांगितला असतास, आणि आता ही रुग्णांच्या फाटकांवर जाणार, असं पुढे जोडलं असतंस."

कदाचित ते वाक्य त्याला खरोखरच सुचलं असतं. तो हातातल्या फोनशी चाळा करत राहिला, जो आज पहिल्यांदाच गाडीबद्दल काही सांगत नव्हता.

"थांबते छान," घराची गल्ली आल्यावर बाई म्हणाल्या. "तुझ्यापेक्षा."

फाटकापाशी गाडी थांबली. किल्लीबद्दल दोघांपैकी कुणी बोललं नाही. मुलगा उतरला, नेहमीचं कवाड त्याने भिंतीपर्यंत ढकललं आणि बाजूला झाला. एवढ्यातून बाई डोळे मिटून गाडी आत नेत. त्यांनी पहिला गिअर टाकला.

पण मुलगा परत फाटकाकडे गेला होता. पोचा आलेल्या दुसऱ्या कवाडापाशी तो उकिडवा बसला आणि खिट्टीला हात घातला. ती हलेना. त्याने शर्टाच्या बाह्या वर केल्या, एक दगड शोधून आणला, खालून दोन-तीन ठोके घातले आणि पुन्हा ओढली. गंजाचा भुगा त्याच्या ऑफिसच्या बुटांवर पडला. खिट्टी करकरत वर आली. कवाडाने जमिनीवर एक अर्धा गोल कोरला आणि ते भिंतीला जाऊन टेकलं.

बाईंनी स्वेटर खांद्यांवर ओढून घेतला आणि आपल्या बाजूचं तापमान सव्वीसवर नेलं. मग गाडी आत घेतली. दोन्ही बाजूंना हात हातभर जागा उरली होती.

स्वयंपाकघराच्या खिडकीत सूनबाई उभी होती. ती गाडीकडे बघत नव्हती. फाटकाकडे बघत होती.